चार ओळींची नोटीस

शिरोळ पेट्यातल्या एका गावात मी सहा वर्षं मास्तर होतो. गाव कृष्णेच्या काठाला, मळीच्या काळ्या जमिनीचं. महाराजांनी कोल्हापुरात मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती, त्यांतल्याच एकात राहून मी शिकलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी पाटीला कुणाचा हात लागला नव्हता. त्यामुळे विसाव्या वर्षी शाळेवर नेमणूक झाली तेव्हा अंगात थोडी मिजास होती, हे आता म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही. जड शब्दांचा मला फार सोस. ‘पाऊस पडला’ असं लिहिणं मला कमीपणाचं वाटायचं. ‘पर्जन्यवृष्टी झाली’ असं लिहायचं, आणि तेच दोनदा वाचून खूश व्हायचं.

शाळा चावडीच्या पडवीत भरायची. सुगी सुरू झाली की पोरं राखणीला जात, पुढं गुऱ्हाळं लागली की उसाच्या मोळ्या वाहायला. पडवीत मी आणि फळा, दोघंच उरायचो. करमत नव्हतं म्हणून मी कोल्हापुरातून निघणारं एक साप्ताहिक लावलं. डाक आणणारा एक मुसलमान म्हातारा होता. तो आठवड्यातून एकदा दुपारी अंक घेऊन यायचा आणि अंक माझ्या हातात देऊन तिथंच भिंतीला टेकून बसायचा. “वाचा मास्तर,” म्हणायचा. हळूहळू आणखी दोघं-चौघं येऊ लागले, आणि वर्षभरात अंकाच्या दिवशी पडवी भरायला लागली.

बातम्यांत कुणाला रस नव्हता. विलायतेत काय झालं, मुंबईत कोण बोललं, हे चाललेलं असताना माणसं तंबाखू मळत बसायची. शेवटचं पान आलं की सगळे पुढं सरकायचे. शेवटच्या पानावर जाहिराती असत. अमक्या गावी तांबडा बैल सापडला आहे, उजवं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा ठिपका, मालकानं खूण पटवून घेऊन जावं. गुळाची काहील विकणे आहे. जत्रेत आठ वर्षांचा मुलगा चुकला आहे, कानात भिकबाळी. यांवर मग घटकाभर चर्चा चाले. तो तांबडा बैल कुणाच्या दावणीचा असेल, भिकबाळीवाला मुलगा कुठल्या घरचा असेल. न पाहिलेल्या त्या मुलासाठी एक म्हातारा डोळे पुसतानाही मी पाहिला आहे.

गावातल्या पिंजाऱ्याचं तट्टू हरवलं तेव्हा त्यानं मला विचारलं, “आपलं बी छापत्यात का?” त्या तट्टावर कमान लादून तो गावोगाव गाद्या पिंजायला जायचा. तट्टू गेल्यावर तो घरी बसला होता. मी मजकूर लिहून पाठवला. छापखान्याचा दर ओळीवर होता आणि कमीत कमी चार ओळींची जाहिरात घेत, म्हणून मी सगळं चार ओळींत बसवलं. तीन आठवड्यांनी नांदणीकडचा एक शेतकरी तट्टाला दोरी लावून गावात हजर झाला. पिंजाऱ्यानं त्याला मिठी मारली. गावानं हा चमत्कार डोळ्यांनी पाहिला आणि तेव्हापासून ज्याचं काही गेलं तो माझ्याकडे यायला लागला. “मास्तर, छापा की.” मीही छापायचो. चार ओळींत माणसाची सगळी गोष्ट बसवायची, एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नाही, याचा मला छंदच लागला. दुसऱ्यांच्या जाहिरातींतली चांगली वाक्यं मी वहीत उतरवून ठेवायचो, पुढं उपयोगी पडतील म्हणून.

मार्गशीर्षात दोन भाऊ आले. मळीत त्यांचं चांगलं वावर होतं, विहिरीला दोन मोटा चालत. थोरला घरचा कारभारी, गावात वजन असलेला, दणक्यात बोलणारा. धाकटा पंचविशीचा, अंगानं दांडगा पण तोंडानं मुका म्हणावा असा. त्या दिवशी मात्र तोच आधी बोलला.

“मास्तर, माझी बायकू म्हायारला गेलीया, ती येत न्हाई.”

“कधी गेली?”

त्यानं सांगायला सुरुवात केली. बायकोचं माहेर नदीपलीकडं दोन कोसांवर. तिच्या आईला गाठीचा ताप आला असा निरोप आला, म्हणून ती गेली. साथीचे दिवस होते. त्यांच्या गावानं घरं सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या. आई गेली. मग नावेवर बंदोबस्त बसला, इकडचं माणूस तिकडं सोडेनात. मग नदीला पाणी आलं. पाणी उतरल्यावर त्यानं निरोप धाडला, तर तिनं उलट सांगितलं की बाप एकटा आहे, धाकटी बहीण आजारी आहे, जोंधळा काढून झाला की येते. दुसरा निरोप धाडला, त्याला उत्तर आलं नाही. तो हे सगळं सावकाश सांगत होता, मध्येच थांबत होता, जोंधळ्याच्या काढणीला किती दिवस लागतात त्याचा हिशेब बोटांवर करत होता.

थोरला वैतागला. “हे समदं पेपरात घालणार हाईस का? मास्तर, बायकू पळालीया, एवढं छापा.”

“पळाली न्हाई आण्णा,” धाकटा म्हणाला, “गेलीया.”

“दीड वरीस झालं. त्येला गेली म्हंत्यात व्हय? उद्या तिनं तिकडं काय केलं, कुणाकडनं काय उचललं, तर निस्तरायचं कुणी?”

मी वही काढली. अशा नोटिशी मी वाचल्या होत्या, एक उतरवूनही ठेवली होती. मी लिहिलं: ‘तमाम लोकांस जाहीर करण्यात येते की, माझी लग्नाची बायको ही सुमारे दीड वर्षापासून माझे परवानगीवाचून घरातून निघून जाऊन स्वैर वर्तनाने राहत आहे. तिला कोणी थारा देऊ नये. तिचे कोणत्याही कृत्यास मी जबाबदार नाही.’ खाली नाव, गाव. बरोबर चार ओळी.

आई वारली, नाव बंद होती, नदीला पूर होता, बहीण आजारी होती, यातलं काहीच चार ओळींत मावलं नव्हतं. ते सगळं कापून त्या जागी मी दोन शब्द घातले होते. वहीतल्या नोटिशीत ते होते म्हणून घातले. अशा नोटिशीत असंच लिहितात, एवढाच माझा विचार. तिच्या वागण्याबद्दल मला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायला हवं असं मनातही आलं नाही.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. थोरला म्हणाला, “झ्याक.” धाकट्यानं अंगठा केला. दोघं पायरीपर्यंत गेले आणि धाकटा परत फिरला.

“मास्तर, ह्यानं ती येईल न्हवं?”

“येईल.”

“पिंजाऱ्याचं तट्टू आलं की,” तो म्हणाला. स्वतःशीच मान हलवत भावामागं गेला.

नोटीस छापून आली त्या दिवशी पडवीत तीसभर माणसं होती. मी शेवटचं पान वाचलं. आपल्या गावाचं नाव ऐकून लोक हसले, कुणी शिट्टी मारली, कुणी धाकट्याच्या पाठीत थाप मारून म्हणाला, “आता काय, पेपरात आलास की गड्या!” तो उठला आणि निघून गेला. पुढच्या जाहिरातीत पाटाच्या पाण्याबद्दल काहीतरी होतं, लोक त्यावर बोलायला लागले. मीही विसरलो.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी शाळेच्या दाराशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता, म्हणजे नावेतून उतरून आला होता. त्याच्या मागं दहा हातांवर लिंबाच्या झाडाखाली एक बाई उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“पेपरात लिवणारं मास्तर ते तुमीच का?”

“हो. या, बसा पावणं. कुठलं तुम्ही?”

त्यानं नदीपलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. डोक्याचा पटका सोडला आणि त्याच्या घडीतून वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला. शेवटचं पान होतं, नेमकं तेवढंच फाडलेलं. घामानं आणि घड्यांनी ते मऊ झालं होतं. “ह्येला उत्तर लिवायचं हाय,” तो म्हणाला. “आमच्या गावात लिवणारा एकच, कुळकर्णी. त्यो न्हाई म्हणतोय. तुमी पिंजाऱ्याचं तट्टू आणून दिलंसा असं नावाड्यानं सांगितलं, म्हणून आलो.”

मी तुकडा हातात घेतला. माझ्याच चार ओळी होत्या.

मी पोरांना सुट्टी दिली. का दिली ते मला त्या क्षणीही नीट कळलं नव्हतं. पोरं ओरडत पळाली तशी बाई झाडाखालून पडवीपाशी आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. हातांना शेणाचा हिरवा रंग होता, तो धुऊनही न जाणारा असतो तसा. ती पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

“आदी वाचून दावा,” ती म्हणाली. “आमच्याकडं चावडीवर वाचलं, पर बायकांनी मला जाऊ दिलं न्हाई. बाबा बी सांगत न्हाईत.”

“राहू दे की,” बाप म्हणाला. “मास्तरला ठावं हाय काय करायचं.”

“वाचा.”

मी वाचलं. तीसभर माणसांसमोर वाचलं होतं त्या सुरात नाही, खाली मान घालून वाचलं. कसंबसं शेवटपर्यंत गेलो.

ती थोडा वेळ ओठ हलवत राहिली, ऐकलेलं परत म्हणून बघत असावी. मग म्हणाली, “सैर वर्तन म्हंजे? सैरभैर व्हय?”

मी तो तुकडा घडीवर घडी घालत राहिलो.

“आय गेली तवा झालते की मी सैरभैर. चूल पेटवायचं बी ध्यान नव्हतं. ते खोटं न्हाई. पर ते त्येनी पेपरात कशाला घातलं?”

म्हातारा खांबाकडे तोंड करून बसला. ती एकदा बापाकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं.

“सैरभैर झाली म्हणून पाणवठ्यावरच्या बाया घागर उचलून लांब व्हत न्हाईत,” ती म्हणाली. “धाकटीला बघायला यायचं हुतं ते पावणं आलं न्हाईत. मास्तर, काय लिवलंय ते खरं सांगा.”

मला सांगावं लागलं. कोणत्या शब्दांत सांगितलं ते आता आठवत नाही, पण एकही जड शब्द त्या वेळी उपयोगी पडला नाही, हे आठवतं. तिच्याच बोलीतला, बांधावर बाया भांडताना वापरतात तसा शब्द शोधावा लागला आणि तो एका बाईच्या तोंडावर उच्चारावा लागला. ती हलली नाही. पदर मात्र हातात घट्ट धरला होता.

“हे त्येनी सांगितलं?”

“नाही. तो फक्त येत नाही म्हणाला.”

“मग थोरल्या भावजींनी?”

“त्यानंही हा शब्द सांगितला नाही.”

“मग कुणी लिवलं?”

खोटं बोलायला वाव होता. छापखान्यावर ढकलता आलं असतं, आणि तिनं ते मानलंही असतं. पण ती सरळ माझ्याकडे बघत होती.

“मी लिहिलं.”

“तुमी मला कवा बगितलंतं?”

“कधीच नाही.”

“मग?”

एवढंच विचारून ती थांबली. मी आजपर्यंत अनेक परीक्षकांसमोर उभा राहिलो आहे, शाळाखात्याच्या दिपोटी साहेबांच्या तपासण्या दिल्या आहेत. त्या ‘मग?’चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. वहीत होतं म्हणून लिहिलं, हे तिला काय सांगणार?

म्हातारा मात्र उठला. हातातली काठी त्यानं वर उचलली. मी मागं सरलो नाही, पण तो माझा धीर नव्हता, पायच हलत नव्हते. काठी तशीच वर राहिली, मग खाली आली. तो मटकन बसला.

“तुमास्नी मारून काय करू?” तो म्हणाला. “मारलं तर उत्तर कोण लिवणार? आमाला दुसरं हाय कोण?”

मग मी लिहायला बसलो. दोन तास लागले. ती एकेक शब्द विचारत होती. ‘वास्तव्य’ लिहिलं तर म्हणाली, हे काय? राहणं म्हटल्यावर म्हणाली, मग राहणं लिवा की. आई वारली हे लिहा. नाव बंद होती हे लिहा. धाकटीचा ताप लिहा. “मी नांदायला तयार हाय, असं लिवा,” म्हणाली आणि तेवढं वाक्य तिनं तीनदा वाचून घेतलं. चार ओळींच्या सोळा ओळी झाल्या. जाताना ती सरळ पुढं चालू लागली. म्हातारा सवयीनं “येतो मास्तर,” म्हणाला.

मी तो कागद त्याच दिवशी डाकेत टाकला. दहा दिवसांनी तो परत आला. सोबत चिठ्ठी होती: आधीची नोटीस ज्यानं दिली त्याच्या संमतीशिवाय तिच्या उलट मजकूर छापता येत नाही.

शाळेला दोन दिवसांची रजा टाकून मी स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि आगगाडीनं कोल्हापूर गाठलं. छापखाना एका अंधाऱ्या बोळात होता. व्यवस्थापक चष्मा कपाळावर चढवून प्रुफं तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाईट माणूस नव्हता.

“ती नोटीस खोटी आहे हो,” मी म्हणालो.

“असेल. आम्ही जाहिरात छापतो मास्तर, तिचं खरंखोटं करत बसलो तर अंक कधी निघायचा? सही कुणाची होती?”

“त्याच्या नवऱ्या... म्हणजे तिच्या नवऱ्याचा अंगठा होता. पण मजकूर माझा.”

“मजकूर कुणाचा हे आम्ही बघत नाही. त्याचा अंगठा आणा, लगेच छापतो.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मागं खिळे जुळवणारा कामगार काम थांबवून माझ्याकडे बघत होता. त्याच्याच हातांनी त्या चार ओळी जुळल्या असतील, असं मनात आलं. त्यालाही त्या आठवत नसणार.

गावी परतलो तो थेट मळीत गेलो. धाकटा मोट हाकत होता. मला बघून त्यानं बैल थांबवले, पण धावेच्या उतारावरून खाली आला नाही. मी तिथंच उभं राहून सांगितलं, ती आली होती, काय म्हणाली, त्या दोन शब्दांचा अर्थ काय. तो ऐकत राहिला. मोटेचं पाणी थारोळ्यात सांडून संपलं.

“म्या असं म्हणलंतं व्हय मास्तर?”

“नाही म्हणालास.”

“येत न्हाई, एवढंच म्हणलंतं की.”

“हो.”

त्यानं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. “आण्णानं दुसरी पोरगी बगितलीया. सुपारी फुटली.”

मी कागद पुढं केला. त्यानं इकडं तिकडं बघितलं, मग खाली उतरून आला. मी नेलेल्या शाईत अंगठा बुडवून त्यानं कागदावर टेकवला. “आण्णाला सांगू नका,” म्हणाला. मी निघालो तेव्हा मागून हाक मारून म्हणाला, “म्या जाऊन आणू का तिला?”

“जा की. आजच जा.”

तो गेला. नावाड्यानं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेला पटका बांधून घाटावर आला. नाव चार वेळा पलीकडं जाऊन आली. प्रत्येक वेळी नावाड्यानं विचारलं, “चढतुयास का?” प्रत्येक वेळी तो म्हणाला, “ह्या पुढच्या खेपंला.” दुपार कलल्यावर थोरला घाटावर आला. शेजारी येऊन उभा राहिला. दोघं मिळून घरी गेले.

खुलासा छापून आला, पण पाच आठवड्यांनी. केसांच्या तेलाच्या आणि कुणाच्या तरी वैद्यकीच्या मधोमध, बारीक अक्षरांत, सोळातल्या नऊ ओळी. ‘मी नांदायला तयार आहे’ हे वाक्य राहिलं होतं, बंद नाव आणि बहिणीचा ताप गेला होता. मी पडवीत तो मुद्दाम आधी वाचला, दोनदा वाचला. वाचून झाल्यावर समोर बघितलं. शेवटी एक म्हातारा, जो त्या चुकलेल्या मुलासाठी रडला होता तोच, तंबाखू थुंकून म्हणाला, “म्हंजे कायतरी हुतं. त्याबिगर कोण दोनदा छापील?”

“अहो, नव्हतं असंच तर लिहिलंय!” मी ओरडलो.

“तेच म्हंतो की म्या,” तो म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

डाक आणणारा म्हातारा तेवढा भिंतीपाशी बसून राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, “मास्तर, तुमी आता ह्यात नगा पडू. जेवढं बोलाल तेवढं वाढंल.” त्याचंच बरोबर होतं. पलीकडच्या गावात तर तो खुलासा वाचलाच गेला नाही. तिथल्या कुळकर्ण्यानं अंक बघितला आणि एका बाईचं किती वाचायचं म्हणून बाजूला ठेवला. हे मला तिच्या बापानं सांगितलं. मी अंक घेऊन नदी ओलांडून गेलो होतो, त्याला दाखवायला. त्यानं तो हातात घेतला, उलटा धरला, घडी घालून पटक्यात ठेवला. ती गोठ्यात होती. धारेचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही, मीही हाक मारली नाही.

वैशाखात धाकट्याचं दुसरं लग्न झालं. मला आवतण होतं. न जाणं म्हणजे त्या घराशी वैर घेणं, आणि मास्तरकीत ते परवडत नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि गेलो. पंगतीत बसून जेवलो. धाकट्यानं मुंडावळ्यांआडून एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. थोरल्यानं मला आग्रह करून दोन पोळ्या जास्त वाढल्या.

पलीकडच्या बापानं मग काडीमोड मागितली, म्हणजे पोरीचा दुसऱ्या कुणाशी पाट तरी लावता येईल. थोरल्यानं दिली नाही. ती घरातून गेलीया, आमी तिला सोडलेली न्हाई, पेपरात बी तसंच हाय, असं त्यानं पंचांपुढं सांगितलं. पंचांनी मला बोलावून माझी नोटीस मागवली. ‘माझी लग्नाची बायको’ हे त्यातले शब्द त्यांना पुरे झाले. तो खुलासाही माझ्याकडे होता, मी तो पुढं केला. एक पंच म्हणाला, “ह्यात बी ती नांदायला तयार हाय असंच हाय. मग काडीमोड कशाला?” दोन्ही कागद माझेच होते आणि दोन्हींनी तिला बांधून ठेवलं होतं.

नोटिशी लिहिणं मी बंद केलं. लोकांना राग आला. बैल हरवलेला एक शेतकरी तीन दिवस पडवीत येऊन बसला, शेवटी त्याच्या बैलापुरतं लिहून दिलं. जनावरांचं लिहीत राहिलो. माणसांचं कुणी घेऊन आला की उठून आत जायचो. पुढं माझी बदली झाली. नवीन गाव नदीपासून लांब, माळावरचं होतं.

बारा-तेरा वर्षांनी शिरोळच्या बाजारात ती मला दिसली. महाराज तेव्हा गादीवरच होते, बहुधा त्यांच्या शेवटच्या वर्षांत. ती वांग्यांचा ढीग लावून बसली होती. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं.

“मास्तर, वांगी घ्या की. काठावरची हाईत.”

आवाज मोठा, बाजारातल्या बाईला लागतो तसा. कानांवरचे केस पांढरे झाले होते. मी वाकलो, वांगी निवडायला लागलो. बाप कसा आहे विचारलं. “गेलं ते. चार वरसं झाली.” धाकटी? “दिली. लांब दिली, हिकडं कुणी घेतली न्हाई. बरं हाय तिचं.” आणि तुम्ही? “चुलत भावाच्यात हाय. नदीकडचा एक तुकडा माझा मी करते.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. इतकी वर्षं मनात मी तिच्याशी बोलत आलो होतो, कधी क्षमा मागत, कधी नुसताच सांगत. आता ती हातभर अंतरावर होती आणि माझ्या हातात एक वांगं होतं.

“मी तेव्हा...” असं मी म्हणालो.

तिनं तराजू उचलला. “किती देऊ?”

“शेरभर.”

तिनं शेर घातला, काटा नीट बसेपर्यंत थांबली. वर एक वांगं टाकलं नाही, कमीही दिलं नाही. मी पिशवी पुढं केली. मागं दोन बाया उभ्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, “व्हा की बाजूला, पावणं.” मी बाजूला झालो. ती त्यांच्याशी भाव करायला लागली.